सहसा

"मावशी, तुमच्या डोक्यात काही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि जनकाबाईला हसूच फुटलं. हे तर तिची सासू ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून सांगत होती, आणि त्यासाठी तिला काही मशीन लागलं नव्हतं. पण डॉक्टर हसले नाहीत. पोरगेलेसेच होते, लोणारकडचे, बोलता बोलता चष्मा कपाळावर सारायचे. कागद खाली ठेवून ते म्हणाले, "काही नाही, म्हणूनच आता डोक्याला लाईट द्यायची." जनकाबाईनं शेजारी बसलेल्या लेकीकडं पाहिलं. पुष्पांजलीनंही आईकडं पाहिलं. रेडिएशनला त्या दवाखान्यात सगळे लाईटच म्हणत, शिपायापासून डॉक्टरांपर्यंत, आणि जनकाबाईनं पोटाला पंचवीस-तीस दिवस लाईट घेतली होती, तेव्हा तो शब्द काही नवा नव्हता. पण जिथं दुखणं नाही तिथं औषध? हे म्हणजे पाहुणा यायच्या आधीच त्याला हाकलून देण्यासारखं झालं. "काही नाही तं मंग कायले, डॉक्टरसाहेब?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, बरंच सांगितलं. आजार लघवीच्या पिशवीचा. बायकांना तो तसाच कमी, आणि त्यातही हा बारीक पेशींचा, लाखात एखादीला होणारा. जन्मात कधी कोणी जनकाबाईला लाखात एक म्हटलं नव्हतं, ते या मेल्या आजारानं म्हटलं. सुरुवातीला तिला वाटलं उन्हाळी लागली. बिजवाईच्या, म्हणजे कपाशीचं बियाणं तयार करायच्या, प्लॉटावर कामाला जाणाऱ्या बाईला उन्हाळी काय नवी? दिवसभर उन्हात, आडोसा नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही; लागली उन्हाळी की धने-जिऱ्याचं पाणी घ्यायचं. तीन महिने तिनं ते पाणी घेतलं, आणि मग एक दिवस लघवी लाल झाली तेव्हा लेकीला, पुष्पीला, सासरहून, नांदुऱ्याहून बोलावून घेतलं. मग सलाईनी झाल्या, केस गेले, लाईट झाली. आता पिशवी साफ होती, पोट साफ होतं, छाती साफ होती. "पण या आजाराला एक खोड आहे," डॉक्टर म्हणाले, "लपूनछपून डोक्यात जायची. आलेला दिसायला लागला की मग उशीर झालेला असतो. म्हणून आधीच लाईट द्यायची. दहा दिवस, शनिवार-रविवार सोडून. खरं सांगायचं तर मावशी, तुमच्यासारखे पेशंट इतके थोडे आहेत की खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही. फुफ्फुसाच्या असल्याच आजारात फायदा होतो, त्यावरून आम्ही हे म्हणतो. घ्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं." हे ऐकून जनकाबाईला एकदम उमगलं, आणि ती चारचौघीत बोलावं तशी बोलून गेली, "म्हंजे अळी येयाच्या आंधीच झाडात औषध. बीटी कपाशीवानी." डॉक्टर खूश झाले. "अगदी बरोबर! बीटीसारखंच!" पण जनकाबाईला तेवढ्यात दुसरंच आठवलं. कारण या साली त्याच बीटीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली होती. बोंड फोडावं तर आत सरकी पोखरून बाई आरामात बसलेली. डॉक्टरांच्या घरीही शेती होती, त्यांनाही ते माहीत असणारच. त्यांनी मग चष्मा काढून पुसला.

आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ती त्यांनी हळू आवाजात सांगितली, म्हणून जास्त ऐकू आली. या लाईटीनं थकवा येतो, केस पुन्हा जातात, आणि थोडं विसरायला होतं. नवीन गोष्टी पटकन लक्षात राहत नाहीत, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, असं. "आन् जुन्या?" जनकाबाईनं विचारलं. "जुन्या सहसा जात नाहीत," डॉक्टर म्हणाले. सहसा. जनकाबाईच्या बोलीत हा शब्दच नाही. तिकडं माणूस एक तर जातो नाही तर राहतो. सहसा हा शिकलेल्या माणसांचा शब्द, आणि तो त्यांनी वापरला की आपण सावध व्हावं, एवढं ती आयुष्यात शिकली होती. बियाण्याची पिशवी घेऊन कंपनीचा माणूस पहिल्यांदा गावात आला तेव्हा तोही म्हणाला होता, सहसा अळी लागत नाही. सहसा फवारणी लागत नाही. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "पुरं डोकं कायले? थोडी जागा सोडता नाही येत का, बांधाबांधानं?" डॉक्टरांनी चमकून पाहिलं. म्हणाले, "येते. आठवणीची जागा वाचवून लाईट देणारी मशिनं आहेत, पण मुंबईकडं. आपल्याकडं नाही." आणि सोमवारी दहाला या, तेव्हा काय ते सांगा, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

एसटीत खिडकीशी बसल्यावर जनकाबाईला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नव्हे, मरणाची भीती सलाईनीच्या दिवसांत वापरून वापरून झिजली होती. भीती अशी वाटली की पुंजाजी दारात उभा आहे, नऊ वर्षांनी आलेला, हातात तीच निळ्या पट्ट्यांची थैली, आणि आपण आतून पदराला हात पुसत येतोय आणि त्याला म्हणतोय, कोन पाह्यजे? ती हे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होती. कोन पाह्यजे. एवढं विचारलं की संपलं. तो काय सांगणार? मी तुझा नवरा म्हणून? तो सांगणारातला नव्हताच. तो बरं म्हणून थैली उचलून मागच्या पावली गेला असता, कारण त्याचं प्रत्येक वाक्य बरंनंच सुरू व्हायचं आणि पुष्कळदा तिथंच संपायचं. गावानं त्याला केव्हाच मेला ठरवलं होतं. तलाठी म्हणाला होता, बाई, सात वर्षं झाली, मेल्याचा कागद करून टाका, विधवेच्या योजनेत नाव लागते. जाऊबाईनं एका संक्रांतीला तोंड वाकडं करून म्हटलं होतं, कुकू लावते कोनाच्या नावानं? ज्याचं आहे त्याच्याच, जनकाबाई म्हणाली होती, आणि तिच्या हातातली वाटी घेऊन आपल्या हातानं लावलं होतं. नऊ वर्षांत तिनं दुसरबीडचं ते रस्त्यावरचं दोन खोल्यांचं घर सोडलं नाही. पुष्पीनं नांदुऱ्याला चल म्हणून किती विनवलं. पण तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? दाराचा रंगसुद्धा तिनं बदलू दिला नव्हता, दोनदा दिला तो तोच हिरवा. मात्र सगळं जागच्या जागी ठेवून काय उपयोग, घराची मालकीणच जागेवर नसली तर!

"माय, खिडकी लावू का? धूळ येऊन राह्यली," पुष्पी म्हणाली. "राहू दे." बाहेर कापसाची वावरं मागं जात होती, पानं लाल पडलेली, बोंडं अर्धवट उकललेली, काही लोकांनी त्यात ढोरं घातली होती. पुंजाजी असता तर काय म्हणाला असता ते तिला अगदी ऐकू आलं. पिशवीबरोबर एक लहान पुडी यायची, साध्या बियाण्याची, बीटी नसलेली. ती वावराच्या चारी बाजूंनी लावायची, असं पिशवीवर छापलेलं असायचं. लावायचं कोण? सगळे ती पुडी बांधावर फेकून देत. एकट्या पुंजाजीनं आपल्या अडीच एकराच्या कडेनं पाच पाच ओळी साध्या कपाशीच्या लावल्या, आणि गाव हसलं. "अळ्यांची पंगत बसवतो काय बे पुंजाजी?" "बरं, बसवतो," तो म्हणाला होता. "जगू द्या थोड्या. सबनच मारल्या तं ज्या उरन त्या माजन." हे त्याला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पुडीवरचं बारीक अक्षर वाचणारा तो एकटा होता, एवढं खरं. त्या कडेच्या ओळींत अळ्या खरोखर पंगतीला बसायच्या, आणि जनकाबाई चिडायची, आणि तो तिला म्हणायचा, तुहा जीव लहान आहे वो. असं म्हणताना त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. डावाच ना? तिनं डोळे मिटून पाहिलं. डावाच. कान कोणता तुटका होता? तोही डावा, लहानपणी बाळी ओढली गेली होती. चालताना टाच नंतर टेकायची, त्यामुळं तो नेहमी हळूच येतोय असं वाटायचं. नखांत पिवळं असायचं फुलाचं, पावसाळा संपेस्तोवर धुतलं तरी न जाणारं. हे सगळं तिनं रांगेनं मोजून घेतलं, पोलिसात वर्दी द्यायला गेल्यावर मोजलं होतं तसं. तेव्हा जमादारानं फक्त विचारलं होतं, उंची किती? उंची तिला सांगता आली नव्हती. माह्या कपाळाशी त्यायचा खांदा येते, असं तिनं सांगितलं, आणि तो जमादार हसला.

आणि हे नुसतं चेहऱ्याचंही नव्हतं. चेहऱ्याच्या मागं एक गोष्ट होती, जी जनकाबाईनं कोणालाच सांगितली नव्हती, स्वतःलाही ती सरळ सांगत नसे. पण आता डोक्यातून काय काय जाईल याचा हिशेब लागला म्हटल्यावर तीच आधी वर आली. हिंमतरावांच्या मळ्यात कंपनीचा बिजवाईचा प्लॉट असायचा, आणि तिथं पुंजाजी मुकादम होता. बिजवाई म्हणजे नाजूक काम. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर धरायची, अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आणि आतले पिवळे दाणे सगळे सोलून काढायचे, नुसती मधली काडी ठेवायची, आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी तो लाल कागद पाहून त्या काडीवर दुसऱ्या जातीचं नर फूल फिरवायचं. एक दाणा जरी आत राहिला तरी कळी स्वतःशीच लग्न लावून मोकळी होते आणि बोंडात निघतं ते बियाणं कुचकामी. पुंजाजीच्या प्लॉटात असं बोंड सापडत नाही, हा त्याचा लौकिक होता. जालन्यापर्यंत होता. तो घरून गेला त्याच्या आदल्या भादव्यात जनकाबाईला थंडीताप आला. घरी राहिली असती तर तिच्या दोन ओळी दुसरीला गेल्या असत्या, म्हणून ती गेली. चार दिवस गेली. डोळ्यांपुढं कळ्या दोन दोन दिसत होत्या, नखात पाकळी धरवत नव्हती. आणि तिनं काय केलं, तर कळी न सोलताच तिच्यावर लाल कागद घातला. एकीवर, मग दुसरीवर, मग ओळभर. संध्याकाळी मुकादम कागद मोजायचा; कागद बरोबर भरले. चौथ्या दिवशी पुंजाजी तिच्या ओळीत आला, वाकला, आणि त्यानं एक कागद उचलून पाहिला. आत कळी जशीच्या तशी होती. जनकाबाई हातभर अंतरावर उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. कागद होता तसा परत घातला, जरा दाबून, आणि पुढच्या ओळीत गेला.

त्यानं ती बोंडं तोडायला लावली असती तर चार बायांत जनकाबाईची शोभा झाली असती, तिला प्लॉटावरून उठवलं असतं. तो बोलला नाही. तिनंही विषय काढला नाही. असं कितीतरी घरांत होतं, दोघं एकच गोष्ट जाणून असतात आणि वरण-भात जेवतात. उन्हाळ्यात कंपनीचा निरोप आला, हिंमतरावांचं बियाणं पेरून पाहिलं, नापास. त्यांच्या एकट्याचं नव्हे. अकरा घरांचं बियाणं एका ढिगात गेलं होतं, सगळंच नापास. अकरा घरं वर्षभर राबली ती फुकट. आता त्या ढिगात खोट काय फक्त तिच्या दोन ओळींची होती? चार दिवसांच्या दोन ओळींनी एवढा ढीग बुडतो का? बुडतही नसेल. हा हिशेब जनकाबाईनं नऊ वर्षं केला आणि तो कधी सुटला नाही. पण लोक मुकादमाच्या दारात आले, तिच्या नाही. पुंजाजी ओट्यावर उभा राहून सगळ्यांचं ऐकत होता. बरं, तो म्हणाला. चूक माही आहे. आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या, चार दिवस आधी तो थैली घेऊन जालन्याला कंपनीच्या लोकांना भेटतो म्हणून गेला. जनकाबाई भाकरी थापत होती. तिच्या जिभेवर आलं होतं, अवो, ती ओळ माही होती, हे तुमाले मालूम आहे ना? तव्यावर भाकर होती. भाकर करपेल म्हणून ती बोलली नाही. आल्यावर बोलू, म्हणाली. तेवढं वाक्य नऊ वर्षं तिच्या तोंडात होतं, आणि आता ते बोलायच्या आधीच कोणी मशीननं पुसून टाकणार होतं. सहसा पुसणार नव्हतं म्हणा.

दुसरबीडला उतरल्या तेव्हा चारचं ऊन होतं. स्टँडवर चहावाल्या अजहरनं विचारलं, "काय म्हने डॉक्टर, मावशी?" "डोक्यात काही नाही म्हंते," जनकाबाई म्हणाली. "ते तं चांगलं झालं!" तो म्हणाला, आणि तिनं मान डोलावली. घरी आल्यावर पुष्पीनं पाणी दिलं, हातपाय धुतले, आणि सुपात तुरीची डाळ घेऊन ती निवडायला बसली. जनकाबाई तिच्यासमोर भिंतीला टेकली. डोक्याचा रुमाल तिनं काढून ठेवला. नुकते उगवलेले केस बोटभरही नव्हते. "पुष्पे," ती म्हणाली, "सूप ठेव बाजूले. मी सांगतो ते ध्यानात ठेव. मी लाईट घेनार नाही, पन घेतलीच तं कोनाले तरी माहीत पाह्यजे." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. आधी ओळीचं सांगितलं. लाल कागदाचं, तापाचं, उचलून परत ठेवलेल्या त्या एका कागदाचं, आणि तव्यावरच्या भाकरीचं. सांगताना तिला रडू आलं नाही याचं तिलाच नवल वाटलं. पुष्पी ऐकत होती, तिच्या हातात डाळीतला एक खडा होता आणि तो ती बोटांत फिरवत होती. बाप गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. बाप कशानं गेला याचं तिनं आजवर काय उत्तर धरलं होतं ते जनकाबाईनं कधी विचारलं नव्हतं. आता पोरीच्या तोंडाकडं पाहून कळलं की तिनं उत्तरच धरलं नव्हतं, नुसता राग धरला होता.

"मंग मले काऊन सांगून राह्यली?" पुष्पी म्हणाली.

"मी विसरली तं तू त्यायले सांगशीन म्हनून. आन् त्यायले वळखाले पाह्यजे ना कोनी. आता आयक. डावा कान तुटका आहे, पाळी. चालतानी टाच मांगून टेकते. बोलाच्या आंधी बरं म्हंतात. रंग माह्यापेक्षा उजळ. अंगानं बारीक. मिशी आहे, दाढी नाही. दाढी त्यायनं कधीच नाही ठेवली, खाजवते म्हनत."

"आता ठेवतात," पुष्पी म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि भांड्यांची मांडणी थोडी हलली. पुष्पीनं खाली पाहिलं. जनकाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं की नाही, आपण बरोबर ऐकलं. "काय म्हनली?" तिनं विचारलं. पुष्पीच्या हातातला खडा पडला आणि ती एकदम ओक्साबोक्शी रडायलाच लागली, अशी की जनकाबाईला आधी तिला जवळ घ्यावं लागलं, पाठीवरून हात फिरवावा लागला, आणि मग ऐकावं लागलं. तीन वर्षांखालची गोष्ट. भादवाच होता, जनकाबाई प्लॉटावर गेलेली, पुष्पी घरी एकटी, अठराची. दुपारी एक माणूस आला, पांढरी दाढी, कमरेत जरा वाकलेला, पायात दोन जातीच्या दोन चपला. "मी इचारलं, कोन पाह्यजे?" पुष्पी म्हणाली. "ते काहीच नाही बोलले. मंग म्हने, बरं, थोडं पानी देता का, बाई. मले बाई म्हनले, माय. मी पानी देलं. ते दाराकडं पाहून राह्यले होते. मंग म्हने, घरचे कुठी गेले? मी म्हनली, माय प्लॉटावर गेली. कवा येते? म्हनली सांजच्याले. तं म्हने, बरं, सांजच्याले येतो. गेले. पाय कसे टाकतात ते पाह्यलं तवा मले... तवा मले वळख पटली. मी धावत रस्त्यावर गेली. ते बसले तो टेम्पो गेला होता." ती पुन्हा रडली. "तुले काऊन नाही सांगितलं? सांजच्याले येनारच होते ना! आल्यावर तुले दिसलेच असते. ते आलेच नाही. दुसऱ्या दिवशी म्हनली, आज येतीन. मी रोज सांजच्याले दारात बसत होती, तू म्हने, पोरगी आळशी झाली. महिना गेला. मंग कसं सांगू? तुले सांगितलं असतं तं तू मेली असती माय. तुले वाटलं असतं, आले आन् मले न भेटता गेले."

जनकाबाईचा हात उचलला होता. पोरीला मारायलाच उचलला होता, तीन वर्षांचं एका फटक्यात. पण तो तिच्या डोक्यावर जाऊन थांबला आणि तिथंच राहिला. तिच्या आत कुठंतरी एकदम उजेड व्हावा तसा आनंद झाला, जिवंत आहे म्हणून. आणि त्याच्या मागोमाग इतकं दुखलं की लाईट, सलाईनी, सगळं त्यापुढं काहीच नव्हतं. जिवंत होता. आला होता. दारात उभा होता. आणि पुष्पीनं त्याला तेच विचारलं होतं, जे आपण विचारू म्हणून ती खिडकीशी बसून घाबरली होती. ते तर होऊन गेलं होतं, तीन वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं, कोणत्याही मशीनशिवाय. आणि पांढरी दाढी! कमरेत वाकलेला! ती ज्याची राखण करत होती तो उजळ, बारीक, मिशीचा माणूस आता जगात कुठंच नव्हता. तो रस्त्यात आडवा आला असता तरी तिनं त्याला वाट दिली असती आणि पुढं गेली असती. डोक्यात जपून ठेवलेलं जसंच्या तसं होतं आणि बाहेर माणूस म्हातारा होऊन गेला होता. पुष्पीला वाटलं आता मायला काहीतरी होतंय, ती उठायला लागली. तेव्हा जनकाबाईनं विचारलं, "पानी बसून पेले का उभ्यानं?"

"आँ?"

"बसून पेले का उभ्यानं?"

"बसून," पुष्पी म्हणाली. "ओट्यावर. थैली खाली ठेवून."

"दोन जातीच्या चपला म्हनली?"

"हाव."

"जेवाले नाही इचारलं तू?"

"नाही वो माय." पुष्पीला पुन्हा हुंदका आला. "मले काय माहीत?"

"खरं आहे. तुले काय माहीत." जनकाबाईनं पदरानं लेकीचं नाक पुसलं, ती लहान असताना पुसायची तसं. मग तिनं तेच पुन्हा विचारलं, कोणत्या बाजूनं आले, कुर्ता होता का सदरा, आवाज बसलेला होता का, बाई म्हनले ते कसं म्हनले. आणि पुष्पीनं सांगितलं तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. पोरीनं अर्धा ताससुद्धा पाहिलं नसेल त्याला, पण तिच्याजवळचं पाहिलेलं ताजं होतं, आणि ते जनकाबाईनं पोट भरेस्तोवर मागून घेतलं. तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं. कित्येक महिन्यांनी लागली होती.

"सोमवारी किती वाजता म्हने?" तिनं विचारलं.

"दहाले." पुष्पीनं मान वर केली. "तू तं म्हनली होती घेनार नाही."

"म्हनली होती. वळखाले तू आहे. तू पाह्यलं त्यायले आताचं, माह्याजवळचं जुनं झालं. ते आले तवा मी घरी नोती, पुष्पे. एवढंच झालं. मी घरी असती तं झालं असतं सगळं, दाढी असो का नसो. आता मी घरी पाह्यजे. डोकं राहो का जावो, जिवंत घरी पाह्यजे." तिनं सूप आपल्याकडं ओढलं आणि डाळीत बोटं फिरवली, पण निवडलं काहीच नाही.

"आन् खरंच नाही वळखलं तं माय? खरंच इचारलं तू, कोन पाह्यजे?"

जनकाबाईनं रुमाल उचलून त्या बोटभर केसांवर बांधला, गाठ मागं नेली. "मंग तू त्यायले म्हनजो, रागावू नका," ती म्हणाली. "बसा म्हन. जेवा. सांज होईस्तोवर तिले येते आठवत."